वेदीपुढचं कोहळं

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अमरावतीतल्या आमच्या मंडळीत कापणीच्या सणाची उपासना चालू होती. मोठी माणसं एकशे चार आणि मुलं तेवीस, अशी एकूण एकशे सत्तावीस माणसं हजर होती, आणि खजिनदार या नात्याने माझ्या मांडीवरच्या पेटीत तोवर रोख चार हजार तीनशे सत्तर रुपये जमले होते. हे आकडे मी आधीच देऊन ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही. निदान सुरुवात तरी तपासून घेता यावी. त्या वेळी, त्या सगळ्यांदेखत, माझ्या साडूंनी नऊ किलो तीनशे ग्रॅमचं एक कोहळं वेदीपुढे ठेवलं, पाळकसाहेबांना मोठ्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि उपासना अर्ध्यावर सोडून ते दाराबाहेर निघून गेले. यात हबकून जाण्यासारखं काय आहे, असं परक्या माणसाला वाटेल. पण माझे साडू मोठ्या आवाजात बोलले, हेच मुळात आम्ही कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. अख्ख्या वऱ्हाडात त्यांच्याइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि हे मी साडू म्हणून नाही, सत्तावीस वर्षं डोळ्यांनी पाहून सांगतो.

साडभाऊ (आमच्याकडे साडू एकमेकांना असंच म्हणतात) माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय सहासष्ट, उंची चांगली पाच फूट दहा इंच, पण ती कोणाला दिसू नये म्हणून ते खांदे पाडून चालत. कुत्र्याला भिणं ही काही विशेष गोष्ट नव्हे. साडभाऊ बांधलेल्या कुत्र्याला जास्त भीत. "सुटं असलं तं ते आपल्या मनानं फिरते जी. बांधलेलं असलं का त्याचं सगळं ध्यान आपल्यावरच राह्यते," हे त्यांचं त्यावरचं म्हणणं. कुकर गॅसवर चढला की ते अंगणात जाऊन उभे राहत आणि तिसरी शिटी होऊन मेव्हणीने "या आता" म्हटल्याशिवाय घरात येत नसत. न्हाव्याला "मिशी राहू दे" म्हणायचा धीर न झाल्यामुळे ते एकदा मिशी गमावून घरी आले, दार उघडून मेव्हणीने "कोन पायजे?" असं विचारलं, आणि आपणच आहोत हे ठासून सांगायचाही यांना धीर होईना. एसटीत बसले तर उतरायचं गाव आलं तरी कंडक्टरला थांबव म्हणत नसत. दुसरा कोणी उतरला तर त्याच्या मागोमाग उतरत. अशाने एकदा मूर्तिजापूरच्या लग्नाला निघालेले साडभाऊ अकोल्याला पोचले आणि तिथे स्टँडवर केळी खाऊन परत आले. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं ते आवक-जावक विभागात होते. साहेबांचा फोन आला की खुर्चीतून उभे राहून बोलत. साहेब निवृत्त झाले, पुढे साडभाऊही निवृत्त झाले, तरी घरी फोन वाजला की ते उभेच राहत. न जाणो, साहेबांचाच असला तर.

आणि पाल. पालीचं तर विचारूच नका. न्हाणीघरात आधी मेव्हणी जायची, चारही भिंती आणि बादलीची मागची बाजू पाहून "नाही जी" असं बाहेर जाहीर करायची, मग हे आत. भिंतीवर पाल असलेल्या घरात ते चहा पीत नसत, आणि पाल नसलेलं घर वऱ्हाडात मी अजून पाहिलेलं नाही. आम्ही सगळे या गोष्टीवर पोट धरून हसायचो. हसण्यात मी पहिला असायचो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

साडभाऊ जन्माचे ख्रिस्ती, त्यांचे आजोबाही ख्रिस्तीच. पण पवित्र शास्त्राशी त्यांचा संबंध रविवारी ते काखेत धरून आणण्यापुरता होता. तो बदलला डोळ्याच्या ऑपरेशनने. ऑपरेशनच्या भीतीने आधी ते सहा दिवस जेवले नाहीत. मग डोळ्यावर पट्टी आली. टीव्ही बंद, पेपर बंद. मेव्हणीने वेळ जावा म्हणून मत्तयाचं शुभवर्तमान वाचून दाखवायला घेतलं. पट्टी सुटल्यावर साडभाऊंनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर बाजारात जाऊन दोनशे पानांचं एक लांबोडकं रजिस्टर आणलं, त्यावर पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले: आवक क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, केलेली कार्यवाही, शेरा. "कोणाकडून" या रकान्यात पहिल्याच ओळीला लिहिलं होतं, "प्रभू येशू, मार्फत मत्तय."

मी विचारलं, "साडभाऊ, हे काय करून राहिले तुमी?"

"आवक करून राहिलो जी. इतके वर्स नुसतं आयकलं. आलेल्या कागदावर कार्यवाही नाही झाली तं तो कागद आला कायले?"

चौतीस वर्षांची सवय ती. इतर लोक वचन पाठ करतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. साडभाऊंनी त्याला क्रमांक दिला आणि कार्यवाही सुरू केली. आमच्या घरादाराला पहिले धक्के तेव्हापासून बसू लागले. कोणी एक कोस चल म्हटलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जावं, अशा अर्थाचं वचन आवक झालं त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका माणसाने त्यांना राजकमल चौक कुठे, असं विचारलं. साडभाऊंनी त्याला चौकात नेऊन सोडलं, आणि तेवढंच अंतर आणखी चालायचं म्हणून त्याचा हात न सोडता पुढे नेलं. तो माणूस घाबरून "काका, मले इथंच काम हाय" म्हणत होता, आणि हे "झालंच, अर्धं राह्यलं" म्हणत होते. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, हे वचन आलं तेव्हा त्यांनी माझा एक स्वेटर एका हमालाला देऊन टाकला. मी जाब विचारला तर म्हणाले, "माह्याजवळ एकच हाय. दोन तुमच्याजवळ होते."

भिऊ नको, असं सांगणारं वचन भेटलं की ते तांबड्या शाईने लिहीत. अशी वचनं शास्त्रात बरोबर तीनशे पासष्ट आहेत, दिवसाला एक, असं त्यांनी कोणत्या तरी प्रवचनात ऐकलं होतं आणि त्याचा त्यांना मोठा आधार वाटे. आता, आकडा कानावर पडला की तो तपासल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी उपवासकाळात रोज दोन तास बसून मोजदाद केली. भरले नाहीत. बरेच कमी पडले. हे त्यांना सांगावं की नाही असा विचार केला, पण चुकीचा आकडा चालू देणं मला जमत नाही. सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. थोडा वेळ रजिस्टर चाळून ते म्हणाले, "मंग एकेक दोन-तीन दिवस वापराचं जी. कपडे नाही का वापरत आपन?"

आणि खरोखर वापरू लागले. एक दिवस न्हाव्याला म्हणाले, "मिशी राहू दे." न्हाव्यालाच कापरं भरलं. एक दिवस कुकरच्या दुसऱ्या शिटीला घरात होते. एवढं सगळं होत असताना त्या रजिस्टरात एक नोंद मात्र मी दोन वर्षं तशीच पाहत होतो. मत्तयाचा पाचवा अध्याय. विषय: दान अर्पण करायला आला असशील आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. कार्यवाहीचा रकाना कोरा. शेऱ्यात "प्रलंबित". पुढच्या महिन्यात पुन्हा "प्रलंबित". मी एकदा विचारलं, "हे काय राहिलं?" तर ते उठून पाणी प्यायला गेले आणि परत आल्यावर पावसाबद्दल बोलू लागले.

आता कापणीचा सण. आमच्या मंडळीत या दिवशी प्रत्येक जण आपल्या शेतातलं, परसातलं किंवा, काहीच नसलं तर, बाजारातलं काहीतरी आणतो: संत्री, तुरीच्या शेंगा, कोंबडी, कापसाची पाटी. सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. घेणारा बहुधा ती वस्तू मंडळीलाच परत देतो, मग तिचा पुन्हा लिलाव. एकच अंडं पाच वेळा विकलेलं मी वहीत लिहिलं आहे. साडभाऊ दरवर्षी परसातलं कोहळं आणत, ज्याला पुण्याकडे लाल भोपळा म्हणतात ते. लिलावात बोली मात्र कधी लावली नाही. तोंड उघडावं लागलं असतं.

त्या रविवारी दानं मांडत असताना पाळकसाहेब दानाविषयीची वचनं वाचत होते. रांगेत साडभाऊंची पाळी आली आणि नेमकं तेच वचन वाचलं गेलं. साडभाऊ कोहळं पोटाशी धरून उभेच. मागे रांग खोळंबली. मग त्यांनी कोहळं खाली ठेवलं, ताठ उभे राहिले (तेव्हा ते किती उंच आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं) आणि म्हणाले, "साहेब, हे इथंच राहू द्या. मी भावाले भेटून येतो." आणि गेले.

"अवो, चप्पल!" मेव्हणी ओरडली. चप्पल दाराशी तशीच होती. मी ती हातात घेऊन मागे धावलो. ते फाटकाबाहेर ऑटो थांबवत होते, तेही हात वर करून. मी हबकलो तो इतका, की त्यांच्याशेजारी बसलो आणि ऑटो स्टँडवर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, पेटीची किल्ली माझ्या खिशात आहे. चौदा वर्षांच्या खजिनदारीत मी एका पावतीवर दोन नावं लिहिली नाहीत, नवरा-बायकोलासुद्धा नाही, आणि त्या दिवशी लिलावाचे सगळे पैसे मंडळीला साखरेच्या पिशवीत जमा करावे लागले.

त्यांना थोरला भाऊ आहे हे मला लग्नापासून माहीत होतं; तो बाळापूरला असतो आणि येत नाही, एवढंच. अकोल्याच्या गाडीत बसलो, माझं पूर्ण तिकीट, त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं. बडनेरा गेल्यावर ते खिडकीकडे तोंड करून बोलू लागले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मला सगळं कळलं.

एकतीस वर्षांपूर्वी थोरले अचलपूरच्या एका वसतिगृहात मिस्त्री होते. राहायला खोली, पगार, मंडळीत मान. साडभाऊ पाहुणे म्हणून गेले होते. संध्याकाळी प्रार्थनेला जाताना थोरले म्हणाले, "सात वाजता विहिरीवरची मोटार बंद करजो, पानी कमी हाय." सात वाजता हे गेले. स्विचच्या डब्यावर पाल बसली होती. ती हलेना, यांचा हात जाईना. पाच मिनिटांनी पुन्हा गेले, ती तिथेच. मग येऊन पडून राहिले. विहीर खोल्यांपासून लांब, थोरल्यांना आवाज गेला नाही; ती आटली, मोटार कोरडीच चालली आणि सकाळपर्यंत जळून गेली. कमिटी बसली. थोरल्यांनी सांगितलं, भावाला बंद करायला सांगितलं होतं. कमिटीने यांना विचारलं. आणि हे म्हणाले, "मले नाही सांगतलं. मले काई मालूम नाही." थोरल्यांची नोकरी गेली, खोली गेली. त्यानंतर ते चर्चची पायरी चढले नाहीत.

"पालीले भेलो, हे सांगाची लाज वाटली जी," साडभाऊ खिडकीला म्हणाले. "सरकारी नौकरी होती माही. लोकं हासतील वाटलं."

सत्तावीस वर्षं मी त्या पालीवर हसत होतो. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबते. मी खाली उतरून उगाच एक चक्कर मारून आलो.

बाळापूरला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोरल्यांचं दुकान, आणि दुकान कशाचं, तर जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देण्याचं. दारात साडभाऊंचे पाय थांबले. आत पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ जमिनीवर बसून एक मोटार चालवून पाहत होते. तिचा आवाज असा, की स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. पुन्हा मोटारीकडे पाहू लागले.

"दादा, मी आलो," साडभाऊ म्हणाले.

"काय?"

"दादा, मले सांगाचं हाय! त्या दिवशी..."

"आयकू नाही येत! आधी ते बंद कर!"

स्विच भिंतीवर, तारांच्या जुडग्यांमागे एका लाकडी फळीवर होता. तिथे पाल होती की नव्हती मला दिसलं नाही. साडभाऊंना दिसली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, कोणतं तरी तांबड्या शाईतलं वचन असणार. मग त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मोटार बंद केली.

इतकी शांतता झाली की रस्त्यावरचं कोंबडं ऐकू आलं.

"त्या दिवशी मोटार मी बंद नाही केली, दादा. तू सांगतलं होतं. डब्यावर पाल होती. भेलो. आन् कमिटीसमोर खोटं बोललो. तुही नौकरी माह्यापायी गेली."

थोरल्यांनी फडक्याने हात पुसले, एकेक बोट. "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. जळलेली मोटार उतरवाले गेलो, तं ते पाल तिथंच होती. तुले लहानपनापासून वळखतो मी. काय झालं असन ते समजलं."

"मंग कमिटीले काहून नाही सांगतलं?"

"मी काहून सांगू? तू सांगशील म्हनून वाट पाह्यली. कमिटीत एक मिनिट पाह्यली. मंग एकतीस वर्स." थोरले माझ्याकडे वळले. "हे कोन?"

मी साडू असल्याचं सांगितलं आणि, गप्प बसायची सवय नसल्याने, कोहळ्याचंही सांगितलं. समेट होईपर्यंत ते वेदीपुढेच राहणार हेही. थोरले पहिल्यांदा हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "म्हंजे कोहळ्यासाठी आला. झालं सांगून? जा आता. माफी-बिफी मले येत नाही. घराले कुलूप लावून बाहेर पडलो तवा माही पोरगी चार महिन्यांची होती."

परतीच्या गाडीत मी साडभाऊंची समजूत घालू लागलो. आपण गेलात, सांगितलंत, आपल्याकडून कार्यवाही झाली. रजिस्टरात निकाली लिहून टाका. त्यांनी मान हलवली. "प्रयत्न कर असं नाही लिहेल तिथं. समेट कर असं लिहेल हाय."

म्हणून कोहळं राहिलं. सणाचा हिशेब मी बंद करू शकेना. वहीत "कोहळे, एक नग" आणि पुढे रक्कम कोरी. पुढच्या रविवारी पंचांनी ते बाजूला ठेवायचं सुचवलं, तर पाळकसाहेब म्हणाले, "कोहळं हलवता येईल हो. ते वचन कसं हलवू?" नाताळाच्या आधीची सजावट सुरू झाली तेव्हा बायकांनी त्याच्याभोवतीच झिरमिळ्या लावल्या. आणि ज्या माणसाला मूर्तिजापूरला उतरता येत नव्हतं, तो दर रविवारी उपासना झाली की एकटा बाळापूरला जाऊ लागला. सोमवारी मला अहवाल मिळे. "भेट झाली. चर्चा झाली नाही." पुढच्या सोमवारी: "बसाले स्टूल देल्लं. चर्चा नाही." त्यापुढे: "तांब्याच्या तारेचं एक टोक धराले लावलं. अडीच तास धरलं." पाचव्या खेपेनंतर: "चहा. साखर कमी होती. मी बोललो तसं."

"काय बोललात?"

"साखर कमी हाय, असं." त्यांनी आयुष्यात कधी चहाबद्दल तक्रार केली नव्हती.

सहाव्या खेपेला मी पुन्हा बरोबर गेलो. दोघं भाऊ एक तार दोन टोकांनी धरून बसले होते. मध्येच थोरल्यांनी मान वर न करता विचारलं, "ते कोहळं फेकलं असन आतापर्यंत?"

"तिथंच हाय."

"महिना झाला. सडलं असन."

"नाही सडलं."

"खोटं बोलतं पुन्हा?"

हे लागलं. साडभाऊंचा चेहरा उतरला. पण मान खाली गेली नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. "खोटं एकदा बोललो, दादा. येऊन पाह्य."

नाताळाच्या आधीच्या रविवारी, कोहळं ठेवल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी, उपासना सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. हजेरी एकशे नऊ. मागचं दार वाजलं आणि पांढरी दाढी, धुतलेला सदरा, असे थोरले दारात. आत येईनात. साडभाऊ उठले. भरल्या उपासनेत, पहिल्या बाकावरून शेवटच्या दारापर्यंत, सगळ्यांच्या नजरांमधून ते चालत गेले आणि भावाला घेऊन आले. थोरले सरळ वेदीपुढे गेले, कोहळ्यापाशी उकिडवे बसले, देठ दाबून पाहिला, बोटाच्या पेराने टकटक केलं. "नाही सडलं लेका," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "समेट झाला का?"

"माफी मले येत नाही, साहेब," थोरले म्हणाले. "पन मी आलो."

"चालते," पाळकसाहेब म्हणाले. दोघा भावांनी मिळून कोहळं उचललं आणि अर्पण केलं. मी पेटीच्या झाकणाकडे पाहत होतो, त्यामुळे त्या वेळी कोणाच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही.

मग अंगणात लिलाव, एका नगाचा. पाळकसाहेब बोली पुकारायला उभे राहिले, आणि पन्नास रुपये, असं कोणी म्हणायच्या आत साडभाऊ ओरडले, "शंभर!" मेव्हणीच्या हातातला चहा सांडला. थोरले म्हणाले, "दोनशे!" बाकीची मंडळी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहू लागली. पाचशे, सहाशे, हजार. पेन्शनचा आकडा मला माहीत असल्याने मी साडभाऊंना डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाराशे पन्नासला थोरले म्हणाले, "बस कर आता. माह्यं हाय ते."

एक बार, दो बार, तीन बार. कोहळं थोरल्यांना गेलं. त्याची गोड बोंडं मेव्हणीने तिथेच मोठ्या कढईत तळली. दोघे भाऊ शेजारी शेजारी बाकावर बसले, आणि मला वाटलं होतं तसं ते काही भरभरून बोलले नाहीत. आईच्या बोंडांत गूळ किती असायचा यावर थोडी हुज्जत झाली. एकतीस वर्षांचे रविवार सोळाशेच्या वर होतात. सहा-सात परत मिळाले. मी हिशेबाचा माणूस. बाकीच्यांचं काय करायचं ते मला सुचलं नाही, आणि त्यांनाही सुचलं नसावं. संध्याकाळी साडभाऊंकडे गेलो तर रजिस्टर उघडं होतं. मी म्हटलं, आता तरी निकाली लिहा. त्यांनी "प्रलंबित" खोडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, "कार्यवाही चालू." अजूनही दर रविवारी बाळापूरची गाडी धरतात. न्हाणीघरात मात्र आधी मेव्हणीच जाते.

राहिलं एक. पैसे भरायला थोरल्यांनी खिसा चाचपला तेव्हा नऊशेच निघाले. साडभाऊंनी आपल्या खिशातून साडेतीनशे काढून त्यावर ठेवले, आणि थोरल्यांनी ते परत केले नाहीत. सणाचं खातं त्या दिवशी बंद झालं. मंडळीला मिळाले ते असे: थोरल्या भावाकडून रोख नऊशे, धाकट्याकडून साडेतीनशे, एकूण एक हजार दोनशे पन्नास रुपये, घेणारा मी, खजिनदार. पावती एक. नावं दोन.